अजून दोन रॉड

भूजल खात्यातून निवृत्त झाल्यापासून मला अधूनमधून पुण्या-मुंबईकडं बोलायला बोलावतात. विषय ठरलेला, लातूर-धाराशिवचं पाणी. स्लाइड संपल्या आणि चहा आला की कुणीतरी हमखास जवळ येऊन विचारतं, "प्यायला टँकर आणि शेतात ऊस! माणसाला एवढी हाव कशी असते हो? कितीही मिळालं तरी अजून हवंच?" चहा निवेपर्यंत देता येईल असं एक उत्तर माझं पाठ झालंय. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा ऐसपैस सांगतो.

आधी उसाचं बघू. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक २०१६ चा लातूर असतो. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते चित्र देशभर गेलं आणि त्यासोबत "मग ऊस कशाला लावता?" हा प्रश्नही. प्रश्न रास्त आहे. लातूरचा पाऊस सरासरीनं साडेसातशे-आठशे मिलिमीटर, तोही पडला तर. उसाला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. उरलेलं जमिनीखालून उपसायचं.

पण शेतकऱ्याच्या बाजूनं हिशेब मांडा. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा केंद्रानं ठरवलेला भाव, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागं ३,४०० रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, बिलं लांबतात, सगळं खरं. तरी भाव आधी ठरलेला आणि घेणारा ठरलेला. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि ऐन सुगीत लातूरच्या आडतीत क्विंटलला चार हजारांच्या आसपास हातात पडत होते. गारपीट झाली की तूर आडवी, हरभरा आडवा, ऊस मात्र उभा राहतो. पोरीचं लग्न काढलेल्या माणसाला काय लावू ते विचारा. ज्याला तुम्ही हाव म्हणता त्यातला बराचसा भाग धास्तीचा आहे. पुढच्या वर्षाची धास्ती असली की माणूस या वर्षी दोन घास जास्तच ओढतो.

आता तुम्हाला एका बोअरवर नेतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटले तरी दिसतं.

बोअरची गाडी बहुधा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. पोरंही तिकडचीच, त्यांना मराठी फक्त आकड्यांपुरतं. जागा पाणाड्यानं दाखवलेली असते. तळहातावर नारळ आडवा धरून तो शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की चुन्याची फुली. (आमच्या खात्याचा दाखला काढणाराही आधी पाणाड्याकडं जाऊन यायचा. आम्हीही ते हसून सोडून द्यायचो.) नारळ फुटतो, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि धुरळा उडायला लागतो. आधी मुरमाचा पिवळसर, मग काळ्या पाषाणाचा राखाडी. मध्येच धुरळा तांबडा झाला की जमलेली माणसं पुढं सरकतात. गेरूच्या थराला पाणी लागतं हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक.

दोनशे फुटांना ओल लागली. सगळ्यांचे चेहरे उजळले. तीनशेला पुन्हा कोरडं. तीनशेच्या पुढं दर शंभर फुटांना फुटाचा भाव चढतो, हे एजंटानं आधीच सांगितलेलं असतं. इथं थांबायला पाहिजे, हे मालकाला कळतं. कळतं म्हणूनच तो माझ्याकडं बघतो. मी थांबा म्हणून मान हलवतो. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणतं, "शेजारच्याला पाचशेला लागलंय." मालक बोटं वर करतो, "अजून दोन रॉड." एक रॉड वीस फुटांचा. दोन झाले की आणखी दोन. आता घातलेला पैसा वाचवण्यासाठी पैसा घालायचा असतो. रात्री कधीतरी सहाशे-सातशेला गाडी थांबते. बायको गोठ्याशी उभी असते आणि सोनं गहाण टाकायला उद्या कुठल्या सोनाराकडं जायचं, ते तिनं ठरवूनही टाकलेलं असतं.

त्या "अजून दोन रॉड"ला हाव म्हणायचं का? म्हणा. पण त्या माणसाला जास्त पाणी नको असतं. शेजारच्याएवढंच हवं असतं, आणि कालपर्यंत विहिरीला होतं तेवढंच. विहीर का आटली? कारण शेजारच्यानं पाचशेला बोअर मारला. आमच्या बसाल्टात, म्हणजे काळ्या पाषाणात, पाण्याचा मुख्य साठा वरच्या झिजलेल्या थरात असतो, खाली नुसत्या भेगा आणि सांधे. खोल बोअर वरचंही पाणी खाली ओढून घेतो. विहिरी कोरड्या पडतात, मग विहीरवालाही बोअर मारतो, मग पाचशेवाल्याला सातशे लागतात.

एकाच ताटात चार भावंडांना जेवायला बसवून बघा. त्यातला हावरट कोण, हे बाहेरून ओळखायला येणार नाही, कारण चौघंही भराभर खातात. जो सावकाश खाईल त्याचं पोट रिकामं राहील आणि ताटात शिल्लकही काही उरणार नाही. भूजलाचं ताट हे असं आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यानं जमीन ज्याची, खालचं मुरलेलं पाणीही त्यानं काढावं, असं मानलं. दगडाला मात्र सातबारा कळत नाही. मी नाही उपसलं तर माझं पाणी तुझ्या मोटारीतून जाणार. संयम पाळणाऱ्याला इथं काही मिळत नाही, त्याच्या संयमावर दुसऱ्याचा ऊस येतो.

बरं, उपसायला खर्च तरी यावा. कृषिपंपाचं बिल वर्षानुवर्षं मोटारीच्या अश्वशक्तीवर, मीटर नाहीच. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज फुकट. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, याचा आनंद मला आहेच, पण रात्री वीज आली की ऑटो स्टार्टरवर मोटार आपोआप चालू होते आणि पाणी सरीतून ओसंडून पांदीत गेलं तरी कुणी उठत नाही, हेही मी बघितलंय. कायदा आहे ना? आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम, अंमलात २०१४ पासून. साठ मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली, बोअर नको. वर सांगितलेली सहाशे फुटांची गाडी भर रस्त्यानं, दिवे लावून येते.

आता कुणी म्हणेल, हे सगळ्यांना सोडवायला निघालेत. नाही. हावरटही आहेत आणि त्यांना मी ओळखून आहे. शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची. काही मोठ्या बागायतदारांनी एकराएवढी तळी खोदली, प्लास्टिक अंथरलं आणि ऑक्टोबरपासून बोअरचं पाणी उपसून ती भरली. इतरांना मिळायच्या आत पाणी आपल्या कुंपणात. वर उघडं आभाळ. मे महिन्यात त्या तळ्यातून रोज जवळपास सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. दगडाखाली सावलीत झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, का तर ते आपलं दिसलं पाहिजे. याला धास्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गावातल्या गरिबाचं "अजून" आणि याचं "अजून" एका तागडीत घालू नका, एवढंच माझं म्हणणं.

माणसाचा स्वभावच तसा, असं म्हणून विषय संपवणाऱ्यांना मी नायगावला जाऊन या म्हणतो. पुरंदर तालुक्यातलं, सासवडच्या पुढचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअरनं तिथं पाणी पंचायत उभी केली. नियम असे होते की आजही ऐकणारा चमकतो. पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळणार. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क सोबत विकला जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं तुम्ही ऐकलं असेल. पोपटराव पवारांच्या गावात शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर त्या वर्षीची पिकं ठरवतात. आधी माणसांना आणि जनावरांना, उरलं तर पिकांना. दगड तोच, माणसंही तीच, साधू कुणी नाही. पण शेजारीही आपल्याएवढंच घेणार याची खात्री तिथं आहे, म्हणून ताटावरची घाई गेली.

एका व्याख्यानानंतर हाव-हाव म्हणणाऱ्या एका गृहस्थांना मी विचारलं, तुमच्या सोसायटीत बोअर किती? म्हणाले, दोन. दुसरा का मारला? तर पलीकडच्या सोसायटीनं खोल मारल्यावर पहिल्याचं पाणी गेलं. मग हसले बिचारे. आम्ही दोघांनी आणखी एक चहा घेतला.

नोकरीत असताना औसा भागातल्या एका गावात असाच पाण्याचा ताळेबंद मांडून बघितला. चावडीवर नकाशे लावले, निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वाचून दाखवल्या. एक म्हातारे शेतकरी उठले. म्हणाले, "सायेब, ऊस मोडायला आमची ना न्हाई. पर समद्यांनी एका दिशी मोडायचा, त्या तळेवाल्यानं बी. आन् तुरीचं माप घातलं की चौदा दिवसांत पैसं, उसाला कायद्यात हायेत तसं. लिवून घ्या." मी लिहून घेतलं. पण आमच्या अहवालाच्या नमुन्यात पाणीपातळी, पर्जन्यमान, उपसा, सिंचन विहिरी एवढेच रकाने होते, भावाचा रकाना नव्हता. मग ते शेऱ्यात टाकलं आणि अहवाल वर पाठवला.