कारवानची वही: हरणीचे सहा महिने आणि भिंतीतल्या गोचिड्या

हरणी, आमची कारवान जातीची कुत्री, आता साडेसहा महिन्यांची झाली. वजन 17.1 किलो, उंची अजून वाढतेय. मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की पिल्लू एवढं बारीक का, बरगड्या का दिसतात. आधी त्याचं उत्तर देतो. कारवान म्हणजे पळणारं, नजरेनं शिकार धरणारं कुत्रं. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. हात फिरवल्यावर पाठीचे मणके टोचत असतील, कंबरेची हाडं वर आली असतील, तर मात्र काळजी करा. लॅब्रेडॉरच्या मापानं याला भरवायला जाऊ नका, वाढत्या सांध्यांवर नको तेवढा भार येतो. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, उकडलेली अंडी, चिकन आणि थोडी भाजी असं चालतं. भाकरी पोटाला आधार देते, अंग धरायला अंडी-मांसच लागतं. शिजवलेली हाडं अजिबात नाहीत; त्यांचे टोकदार तुकडे पडतात. मनुके, कांदा आणि चॉकलेट घरात उंचावर ठेवतो.

लशी वेळेवर झाल्या: आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात, शिवाय तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. पहिल्या दोन डोसांवर थांबणाऱ्यांना एकच सांगतो, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर लस नीट लागू पडत नाही, आणि ती नेमकी कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून तो शेवटचा डोस सोडायचा नाही. पार्वोनं, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या रोगानं, गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत. तोपर्यंत हरणीला रस्त्यावर सोडलं नाही, पण कडेवर घेऊन बाजार, एसटी स्टँड, बँडबाजा सगळं दाखवलं. कारवान अनोळखी माणसाला पटकन अंगाला हात लावू देत नाही. लहानपणीची ही सवय पुढे दवाखान्यात उपयोगी पडते. आमच्या बाबतीत ती ऑगस्टमध्येच पडली.

या वेळची मुख्य नोंद त्याच ऑगस्टची आहे.

दर शनिवारी मी वजन करतो. हरणीला उचलून काट्यावर उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो. जुलैपासून आठवड्याला आठशे ग्रॅमच्या आसपास वाढ होती. 9 ऑगस्टला 12.4 किलो. 16 ऑगस्टलाही 12.4. खाणं थोडं कमी झालं होतं, बाकी पोर खेळत होती. नुसतं डोळ्यांनी बघत असतो तर मी लक्षही दिलं नसतं. 18 तारखेला तिनं सकाळची अंडी हुंगून सोडली. एका दवाखान्यात नेलं, पोट बिघडलंय म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ताप कोणी मोजला नाही, मीही म्हटलं नाही.

19 च्या संध्याकाळी घरच्या डिजिटल थर्मामीटरनं गुदद्वारातून मोजला: 103.8. कुत्र्याचं साधारण तापमान 101 ते 102.5 असतं, त्यामुळे माणसाच्या हिशेबानं घाबरू नका आणि नाक गार की गरम यावरून काही ठरवू नका. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असतात, त्या धुतल्यासारख्या फिकट. तिला कुशीवर निजवून टॉर्च धरला, तर मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं केस जवळजवळ नसतात, तिथं टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बोटानं दाबून पाहिले, जागेवरच राहिले. कातडीखाली रक्त उतरल्याची ती खूण होती.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे रक्त तपासलं. प्लेटलेट 41 हजार, एर्लिकिया पॉझिटिव्ह. म्हणजे आपण ज्याला गोचीड ताप म्हणतो तो. आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट: ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या जातींत प्लेटलेट मुळातच थोड्या कमी असू शकतात, म्हणून पिल्लू ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो आकडा वहीत लिहून ठेवा. मी ते केलं नव्हतं. अर्थात 41 हजार कुठल्याच कुत्र्यात बरे नाहीत.

डॉक्सिसायक्लिन 28 दिवस, 20 ऑगस्ट ते 16 सप्टेंबर. रिकाम्या पोटी नाही, दुधा-ताकात नाही, आणि वरून पाणी पाजायचंच, नाहीतर गोळी घशाखाली अडकून अन्ननलिका भाजते. मी ती उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्यात दाबून द्यायचो. दोन दिवसांत ताप उतरला, चौथ्या दिवशी ती चप्पल पळवायला लागली. इथंच बरेच जण औषध बंद करतात. करू नका. आणि तापात घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन द्यायचा मोह कितीही झाला तरी नाही; कुत्र्याच्या यकृताचं, पोटाचं, मूत्रपिंडाचं त्यानं वाटोळं होतं.

मग गोचिड्या आल्या कुठून? जूनमध्ये मानेवर टाकायचं औषध टाकलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती चिखलात लोळली आणि मी आंघोळ घातली. अशा औषधाच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंगावर पाणी नको, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. शेजारी म्हणाले, गोठ्यातून आल्या असतील. पण गुराढोरांची गोचीड वेगळी, कुत्र्याची तपकिरी गोचीड वेगळी. ही घरात राहणारी आहे. रक्त प्यायली की गळून पडते, कात टाकून पुन्हा चढते, असं करत आयुष्यात तीनदा रक्त पिते. मादी फटीत जाऊन हजारांनी अंडी घालते. मोठी गोचीड काही न खाता महिनोनमहिने तग धरते. आणि तिला वर चढायची खोड आहे.

हे कळल्यावर रात्री टॉर्च घेऊन भिंती पाहिल्या. आमचं घर जुनं, दगडी, सांध्यांतली माती निघालेली. हरणी जिथं झोपते त्याच्या वर, माझ्या डोक्याच्याही वर, कॅलेंडर उचललं. मागं चौदा. तीन फुगलेल्या, एरंडाच्या बीएवढ्या, राखाडी. बाकी बारीक तपकिरी. त्यांच्याखालच्या फटीत मोहरीहून बारीक अंड्यांचा चिकट गोळा.

हरणीच्या अंथरुणाचं गोणपाट जाळलं. फटी खरवडून सिमेंटनं बुजवल्या, चुना दिला. डॉक्टरांनी सांगितलेलं फवारणीचं औषध भिंतीवर मारलं. वाळेपर्यंत हरणी आणि मांजर दोघांना शेजारी ठेवलं. मांजराच्या बाबतीत विशेष जपा, कुत्र्याची काही औषधं मांजराला जीवघेणी ठरतात. अंडी फवारणीला दाद देत नाहीत, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा फवारलं. हरणीला महिन्याची अफोक्सोलॅनरची गोळी सुरू केली. या गोळीनं गोचीड चिकटायची थांबत नाही, चावल्यावर मरते, त्यामुळे अंग तपासणं सुटत नाही.

रोज रात्री कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघतो. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. नखानं चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही, उदबत्तीचा चटका द्यायचा नाही. आठवड्याची बेरीज वहीत आहे: 23, 14, 16, 9, 4, 2, 0, 1, 0. तिसऱ्या आठवड्यात आकडा वाढला तेव्हा जीव खाली गेला होता. आधी घातलेली अंडी फुटली होती.

18 सप्टेंबरला प्लेटलेट 1 लाख 86 हजार. एकदा होऊन गेला म्हणून हा ताप पुन्हा येत नाही असं नाही, आणि आपल्याकडे त्यावर लसही नाही. म्हणून फेब्रुवारीत रक्त परत तपासणार.

गोळीची पुढची तारीख 20 नोव्हेंबर. अंगणात तुळशीच्या कट्ट्याचा एक दगड सुटलाय, त्याच्या खाली परवा एक दिसली. दिवाळीच्या रंगकामाआधी तो कट्टा उकलून पुन्हा बांधून घेतोय.