तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं सगळं सुचतं कुठून?

मी साड्यांवर हाताने पेंटिंग करून देते. घरूनच, इथे नागपुरात. ऑर्डर घ्यायला आलेल्या दहातल्या आठ जणी साडी उलगडून बघतात आणि हमखास विचारतात, ताई, तुम्हाला हे सुचतं कुठून, इन्स्पिरेशन काय तुमचं? घाईत असले की मी "मोबाईलवर बघते हो काहीतरी" म्हणून मोकळी होते, समोरच्याचंही समाधान होतं. पण ते काही खरं नाही, आणि खरं सांगायचं तर दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते. मला सुचतं ते आईमुळे आणि गॅलऱ्या बघून. या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

माझी आई ब्लाउज शिवायची. म्हणजे अजूनही शिवते, पण आता मनाला येईल तेव्हा आणि आवडत्या लोकांचेच. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या पुढच्या खोलीतली मशीन, जी आधी घरच्यापुरती होती, ती एकदम सकाळपासून रात्रीपर्यंत चालायला लागली. तेव्हा आम्हाला काही ग्रेट वगैरे वाटलं नाही, उलट खोलीभर चिंध्या, अभ्यासाला जागा नाही आणि पायात टाचण्या टोचतात म्हणून आम्ही कटकटच करायचो. आज लोक "आईच्या कष्टातून प्रेरणा" म्हणतात ना, मला ते वाक्य फार पटत नाही. कष्ट तर मोहल्ल्यातल्या सगळ्याच बाया करत होत्या. मी आईकडून घेतलं ते तिचं बघणं.

तिच्यासमोर कोणीही नवीन ब्लाउज ठेवला, रेडीमेड असो की दुसऱ्या टेलरने शिवलेला, की ती पहिल्यांदा तो उलटा करणार. वरून काम कसं आहे, लेस कुठली आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आतून मार्जिन किती ठेवलं, अस्तर कुठे ओढलं गेलंय, मुंढ्याला शिवण दाटली का, गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची आहे की सरळ कापून भागवलंय, हे सगळं ती दोन मिनिटांत सांगते, आणि त्याच्यापुढे जाऊन शिवणारा कसा होता तेसुद्धा सांगते. "याले घाई होती." "ही नवीन शिकून राहिली, पण हात चांगला हाय बाप्पा तिचा." लग्नात बायका एकमेकींच्या साडीची किंमत विचारतात, आमची आई पदर हातात घेऊन मागची बाजू बघते. लहानपणी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

करवत काठी साडी बघायला पण तिनेच शिकवलं. आपल्या विदर्भाची साडी, अंग टसरचं, म्हणजे कोशाचं, आणि काठाला करवतीसारखे दाते. ते दाते छापलेले नसतात, भरतकामही नसतं, काठाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, वेगळा आणि अंगाचा वेगळा, आणि विणतानाच दोन्ही धागे एकमेकांत अडकवत जातात, म्हणून तो काठ अंगात घुसल्यासारखा दिसतो. आईचं म्हणणं, तिथे बोट फिरवून बघायचं, जोड लागला पाहिजे पण गाठ नाही लागली पाहिजे. मी रंगवते ती टसर अशीच आधी बोटाने बघते, डोळ्याने नंतर.

आता गॅलऱ्यांचं. नागपुरातल्या पोरांची पहिली गॅलरी म्हणजे सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला. ऑफिशियल नाव मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचं, पण ते नाव सांगून ऑटोवाल्याला पत्ता विचारून बघा. सगळ्यांना तिथले पेंढा भरलेले प्राणी आठवतात. आई मात्र दगडी मूर्त्यांकडे रमायची. आम्ही वाघ बघून पाणी पिऊन परत आलो तरी ती त्याच मूर्तीसमोर, कमरेचा दागिना बघत, मग बाजूला जाऊन वाकून मागून बघत. एकदा तिने तिथेच विचारलं, "समोरून एवढं केलं मग मागून काऊन सोडली?" तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. पुढे वाचलं की अशा बऱ्याच मूर्त्या देवळाच्या भिंतीत, कोनाड्यात बसवलेल्या असायच्या, पाठ कोणाला दिसणारच नसायची, म्हणून ती ओबडधोबडच ठेवत. हे आईला सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्याचं बरोबर हाय. भिंत थोडीच आंग हालवते. आपल्या ब्लाउजले तं आतून बाई असते."

हे वाक्य मी कुठल्याही आर्टच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मग मी मोठी झाले, पेंटिंगचं वेड लागलं, कमवायला लागले तशी कामानिमित्त किंवा काम काढून मुंबई-दिल्लीला जायला लागले आणि जमेल तेव्हा आईला सोबत न्यायला लागले. मुंबईला विदर्भ एक्सप्रेसने रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, फ्रेश होऊन चहा-नाश्ता करायचा आणि चालत काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ पासूनची, आत जायला तिकीट नाही, आणि बरेचदा ज्याची चित्रं लावलीत तो माणूस स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. लोक त्याला विचारतात, याचा अर्थ काय? आईने विचारलं, "हा थर वाळायला किती दिवस लागले?" तो माणूस उठूनच उभा राहिला हो. मग त्याने सांगितलं की ऑइल कलर पाण्याच्या रंगासारखा उडून सुकत नाही, त्यातलं तेल हवेशी मिळून हळूहळू घट्ट होतं, वरून सुकल्यासारखा वाटला तरी आत जाड थर ओलाच राहतो, म्हणून घाई केली की तडकतो. आई मान डोलवत ऐकत होती, तिची हिंदी आणि त्याची मराठी दोन्ही कामचलाऊ, पण दोघांचं मस्त जमलं. मी आपली बाजूला उभी. मला आर्टिस्टशी बोलायला अजूनही भीती वाटते, तिला नाही वाटत, कारण तिच्या हिशोबाने तो पण कारागीरच.

दिल्लीला इंडिया गेटजवळ जयपूर हाऊसमध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, सोमवारी बंद असते हे लक्षात ठेवा. तिथे अमृता शेरगिलची चित्रं आहेत. तीन मुलींचं ते प्रसिद्ध चित्र, १९३५ चं, फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी त्याच्यासमोर उभी राहून मनात मोठमोठे विचार करत होते, स्त्रीचं दुःख, त्यांचे खाली गेलेले डोळे वगैरे. आई म्हणाली, "कपड्यावर डिझाइन काढलंच नाही बाईनं, तरी कपडा किती जड हाय ते कळते." आणि खरंच. नक्षी जवळपास नाहीच, नुसते रंगाचे मोठे मोठे भाग आणि दोन-चार चुण्या, पण त्या मुलींच्या अंगावर कापडाचं वजन जाणवतं. तोपर्यंत मी साडीवर जिथे जागा दिसेल तिथे फूल, वेल, मोर, काहीतरी भरतच होते, कारण गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. दिल्लीहून आल्यावर मी पदराजवळ मोठा भाग मोकळा सोडायला लागले, टसरला स्वतःचं वजन आहे ते दिसू दे म्हणून. माझी जी साडी तुम्ही बघता आणि "वेगळी आहे" म्हणता ती इथून आली. (शेरगिल अठ्ठावीसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, लाहोरला वारली हे सांगितल्यावर आई म्हणाली एवढीशी पोर, आणि नंतर बाहेर येऊन बराच वेळ त्याच्यावरच बोलत होती, तिची आई होती का तेव्हा, कोणी बघायला होतं का.)

गायतोंड्यांचं तर सांगायलाच पाहिजे, कारण ते आपल्या नागपूरला जन्मले, १९२४ साली, आणि निम्म्या नागपूरला माहीत नाही. वासुदेव गायतोंडे. त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, काहीच ओळखीचं नाही, आणि तरी तिथून हलवत नाही. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रं करायचे. रोलरने रंग लावायचे, सुरीने खरवडायचे, कागदाचे फाडलेले तुकडे वापरून रंग चढवायचे-उचलायचे. हे मी आईला समजावून सांगत होते तर ती एकदम खूश, "म्हणजे पेपर कटिंगच की!" तिने आयुष्यभर जुन्या वर्तमानपत्रावर कटोरीचे माप कापून ठेवले आहेत, गादीखाली गठ्ठा आहे. २०२१ मध्ये त्यांचं १९६१ चं एक चित्र लिलावात जवळपास ४० कोटींना गेलं हे ऐकून मात्र तिचा विश्वास बसला नाही, आणि अजूनही तिला वाटतं की मी शून्यं वाढवून सांगितली.

चित्रकार सय्यद हैदर रझा पण अर्धे आपलेच. मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडचे, १९३९ ला नागपूरच्या आर्ट स्कूलला आले, मग मुंबई, मग १९५० ला फ्रान्स. लहानपणी शाळेतल्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून याच्याकडे बघत बस म्हटलं होतं, तो बिंदू पुढे त्यांच्या चित्रांत आला तो आलाच. १९८१ चं त्यांचं 'माँ' नावाचं चित्र आहे, त्यात खाली अशोक वाजपेयींच्या कवितेतली हिंदी ओळ लिहिली आहे, आईला विचारलंय की परत येईन तेव्हा काय घेऊन येऊ. पॅरिसमध्ये बसून माणसाने देवनागरीत हे लिहिलं. यावर मी जास्त बोलत नाही, बोलले की माझा आवाज बदलतो.

असो. तर सुचणं म्हणजे काय, माझ्यापुरतं सांगते. मला चित्रातला विषय घेऊन यावासा वाटत नाही, तो माझा नसतोच. समोरच्याने हे हाताने कसं केलं असेल, कुठे थांबला, कुठे पुन्हा रंग लावला, कुठे मुद्दाम सोडून दिलं, हे जवळ जाऊन शोधायला लागलं की माझे हात शिवशिवतात, कधी एकदा घरी जाऊन ब्रश ओला करते असं होतं. आई ब्लाउज उलटा करते तेच मी गॅलरीत करते, फक्त चित्र उलटं करू देत नाहीत. म्हणूनच ते हल्लीचे मोठ्या हॉलमध्ये भिंतीभर प्रोजेक्टरवर चित्रं हलवणारे शो असतात ना, मला अजिबात आवडत नाहीत. फोटो छान येतात, पण तिथे बघायला हातच नाही कोणाचा.

आणि ज्या दिवशी काहीच सुचत नाही, कारण असे दिवस भरपूर असतात हो, त्या दिवशी गॅलरीचा काही उपयोग होत नाही, तिथे पण आईच. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला टेकलेला, लग्नसराई जोरात, आणि सिल्क कापायचं असलं की ती कुलर बंद करायची कारण वाऱ्याने कापड हलतं. घामाने निथळत, हातातला खडू आधी पुसून, कापायची. पण डोकं चालत नसलं तर कापडाला कात्री लावायची नाही, त्या दिवशी हुक, काज, तुरपाई. हातांना पाठ असलेली कामं. मशीनजवळून उठायची नाही एवढंच. मी तसंच करते. मूड नाही म्हणून झोपून राहत नाही, जुन्या तुकड्यांवर रंगांचे शेड काढते, काठाच्या आउटलाइन करून घेते, सुकलेल्या साड्या उलट्या बाजूने इस्त्री करून रंग पक्का करते. दुपारपर्यंत बरेचदा काहीतरी सुरू होतं. नाही झालं तर इस्त्र्या तरी झाल्या.

नागपुरात गॅलऱ्या कमी आहेत ही तक्रार खरी आहे, मुंबईसारखं रोज उठून काहीतरी लागलेलं नसतं. पण शोधलं तर असतं. चिटणवीस सेंटरला प्रदर्शनं लागतात, शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या पोरांची वार्षिक प्रदर्शनं मी सोडत नाही, आणि दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात तर कारागीर समोर बसून काम करतात, तिथे आईला नेलं की तासभर एकाच स्टॉलवर. खरेदी शून्य, प्रश्न पन्नास.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आमच्या आईला नेलं तर ती कंटाळेल का? कंटाळेल, तुम्ही तिला चित्र समजावून सांगायला लागलात तर नक्की कंटाळेल. तिला आधी बसायची जागा दाखवा, चहा कुठे मिळतो ते बघून ठेवा, चप्पल आरामाची घालायला सांगा, आणि मग तिच्या मागे-मागे चाला, पुढे नाही. सगळं बघायचा हट्ट करू नका, एक हॉल झाला तरी बास. ती स्वयंपाक करत असेल, शेती करत असेल, बँकेत नोकरी केली असेल, काही ना काही ती तुमच्यापेक्षा बारीक बघतेच, ते काय आहे ते तिथे गेल्यावर कळेल. आमची आता बडोद्याला चल म्हणून मागे लागली आहे, तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत असं मीच सांगून बसले. तिला त्या चित्रांतल्या नऊवारीची जर जवळून बघायची आहे, आणि एका चोळीच्या बाहीबद्दल तिला आत्तापासूनच शंका आहे.