कुंपण किती वेळ खातं?

कारखान्याला किंवा गोदामाला कुंपण घालायचं ठरलं की मला पहिला प्रश्न हमखास येतो, "किती फुटी घालू?" मी उलट विचारते, रात्री दोन वाजता कुणी आत शिरायला लागलं तर तुम्हाला ते कधी कळेल? आणि कळल्यावर त्या जागी माणूस पोहोचायला किती मिनिटं लागतील? यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. पण सगळं नियोजन या दोन गोष्टींवर उभं असतं. उंची, जाळी, रंग हे सगळं नंतरचं.

कुंपण कुणालाही कायमचं अडवत नाही. हातात अवजार असलं आणि वेळेची कमतरता नसली, तर माणूस कसल्याही कुंपणातून आत जातो. कुंपणाचं काम त्याचा वेळ खाण्याचं. त्याची पाच मिनिटं खाल्ली आणि तेवढ्यात वॉचमन तिथं पोहोचला, तर पैसे वसूल. घुसखोरी सकाळच्या पाळीलाच कळणार असेल, तर बारा फुटी कुंपण घालूनही हाती काही लागत नाही. कुंपण, दार यांसारखे अडथळे घुसखोरापुढे किती टिकतात ते तपासणारं ब्रिटनमधलं एलपीएस ११७५ हे मानक मला म्हणूनच पटतं. त्याच्या २०१९ पासूनच्या वर्गवारीत इंग्रजी ए ते एच ही अक्षरं हल्ला करणाऱ्याकडे कोणत्या तऱ्हेची अवजारं आहेत ते सांगतात आणि पुढचा आकडा किती मिनिटं तग धरायला हवा ते सांगतो: १, ३, ५, १०, १५ किंवा २०. म्हणजे तिथली सगळ्यात वरची पायरीसुद्धा वीस मिनिटांची. कायमचं बंद करू, असं तिथं कुणी म्हणतच नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ही मिनिटं मोजायची ती सूचना मिळाल्यापासून. सायरन गोदामाच्या दाराला लावला असेल, तर बाहेरच्या कुंपणावर चोराचा गेलेला वेळ आपल्या हिशोबात शून्य. तो आरामात जाळी कापून आत येईल, अंगण ओलांडेल आणि दाराला हात लावेल तेव्हा कुठे आपल्याला कळेल. म्हणून सेन्सर कुंपणावरच हवा. आणि तो बसवायचा तर जाळी ताठ हवी. ढिली जाळी वाऱ्याने वाजते, रात्रभर खोटे इशारे देते, आणि कंटाळून कुणीतरी सेन्सर बंद करून ठेवतं.

चेनलिंक, म्हणजे विणलेली चौकटीची जाळी, सगळ्यांच्या ओळखीची. स्वस्त, पटकन बसते, उंचसखल जमिनीवर वळते. हद्द दाखवायला उत्तम. पण तिची वीण एकदा नीट बघा. प्रत्येक तार वरून खाली नागमोडी जाते आणि शेजारच्या तारेत अडकलेली असते. वरची घडी सोडवली आणि एक तार पिळून ओढून काढली, की जाळी वरपासून खालपर्यंत पडद्यासारखी उघडते. शिवाय ५० मिलिमीटरच्या चौकटीत बुटाचं टोक छान बसतं. मौल्यवान माल असलेल्या आवारात ही जाळी एकट्याने पुरेल असं मला वाटत नाही.

तिथे मी ३५८ म्हणतात ती वेल्डेड जाळी सुचवते. ३ इंच बाय अर्धा इंच फट आणि ८ गेजची, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर जाडीची तार. नावातले तिन्ही आकडे इथूनच आले. अर्ध्या इंचाच्या फटीत बोटं अडकवून वर चढता येत नाही आणि साध्या कटरचा जबडाही आत नीट शिरत नाही. माणूस जाईल एवढं भोक पाडायचं तर एकेक तार तोडत बसावं लागतं. आणि आतून बाहेरचं स्वच्छ दिसतं, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पक्की भिंत लोकांना जास्त भक्कम वाटते, पण भिंतीवरून एकदा उडी मारली की ती भिंत चोरालाच आडोसा देते.

लोखंडी पट्ट्यांचं पॅलिसेड घेणार असाल, तर पट्ट्यांपेक्षा बोल्ट बघा. नट बाहेरून पान्याने सुटत असेल तर दोन पट्ट्या काढून माणूस आत जातो आणि जाताना त्या परत लावूनही ठेवतो. आवळल्यावर डोकं तुटून पडतं असे नट मिळतात, ते घ्यावेत. आडवे अँगल आणि खांबांचे तिरके टेकू आतल्या बाजूला असावेत. बाहेर असले तर आपणच शिडी लावून दिल्यासारखं होतं.

आता गेट. ड्रॉइंग हातात पडलं की मी आधी गेट शोधते. कुंपण आठ फुटी आणि गेट सहा फुटी, असं कितीतरी ठिकाणी बघायला मिळतं. बिजागरी साध्या खुंटीवर टेकलेली असेल, तर पहारीने वर उचलून गेट कुलुपासकट बाजूला काढता येतं; वरच्या बिजागरीवर उचल रोखणारा तुकडा वेल्ड केला की प्रश्न मिटतो. रस्त्याला उतार असतो म्हणून गेटखाली वीतभर फट सोडलेली असते, तिच्यातून लहान चणीचा माणूस सहज सरपटत जातो. रुळावर सरकणाऱ्या गेटात खडी आणि चिखल अडकतो. मग ते जड चालतं, आणि जड चालणारं गेट लोक उघडंच ठेवतात. जागा असेल तर जमिनीला न टेकता सरकणारं कँटिलिव्हर गेट घ्यावं.

गेट रस्त्यापासून आत किती घ्यायचं हेही आधीच ठरवावं लागतं. मोठा ट्रेलर १६-१८ मीटर लांब असतो. एवढी जागा गेटबाहेर सोडली नाही, तर कागद तपासताना त्याचं शेपूट सार्वजनिक रस्त्यावर उभं राहतं, मागून हॉर्न वाजायला लागतात आणि वॉचमन घाईत बघितल्यासारखं करून गाडी आत सोडतो. पायी येणाऱ्यांसाठी वेगळं छोटं दार हवंच. नाहीतर पाळी बदलताना मोठं गेट सताड उघडं राहतं, आणि त्या गर्दीत कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, कुणालाच सांगता येत नाही. एकूण गेटं मात्र होतील तितकी कमी ठेवा.

आग लागली तर माणसं बाहेर पडायलाच हवीत, त्यात तडजोड नाही. तातडीचं दार आतून किल्लीशिवाय, नुसता दांडा दाबून उघडलं पाहिजे. पण जाळीची फट मोठी असेल तर बाहेरून हात घालून तोच दांडा दाबता येतो. त्या दांड्याभोवती हात पोहोचणार नाही एवढा पत्रा लावावा. अग्निशमन गाडीला किती रुंदी लागते ते ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी त्यांनाच विचारावं.

माझ्या मते खरी परीक्षा जमिनीशी असते. कागदावरची रेघ सरळ असते, जागेवर चढ, खड्डे, नाला, जुनी पाइपलाइन. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी पॅनल बसवले की प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट उरते; ती काँक्रीटने किंवा जादा जाळीने बुजवायची हे ठेक्यात लिहिलेलं नसेल तर कुणी बुजवत नाही. नाला कुंपणाखालून जातो तिथं गज हवेत, आणि ते कचरा काढायला आतून उघडता येतील असे हवेत, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबून कुंपणच ढकलेल. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तिथे उथळ पायातले खांब काही ऋतूंतच कलतात. खड्डे घेण्यापूर्वी जमिनीखालच्या केबल कुठून गेल्यात ते तपासा. विजेच्या उपकेंद्राजवळ धातूचं कुंपण असेल तर त्याच्या अर्थिंगचा निर्णय विद्युत अभियंत्यावर सोडा.

जाळीच्या कुंपणाला नंतर कुणीतरी हिरवं कापड किंवा मोठा फलक बांधतं. खांबांचा हिशोब वारा आरपार जाईल असा केलेला असतो. कापड लावलं की तेच कुंपण शिडासारखं वारा धरतं आणि वादळात आडवं होतं. आडोसा हवाच असेल तर ते सुरुवातीलाच सांगा, म्हणजे खांब आणि पाया तसे धरता येतात.

गाडी घुसवण्याची भीती असेल तर जाळीवर भरवसा ठेवू नका. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, म्हणून सरळ गेटवर येणाऱ्या रस्त्याला आधी वळण द्या, मग अडथळ्यांचा विचार करा. विजेचा झटका देणारं कुंपण लावायचं असेल तर ते साध्या कुंपणाच्या आतल्या बाजूला, सूचनाफलकांसह, आणि तिथला कायदा बघूनच.

गंजाबद्दल एवढंच: जस्ताचा थर चढवलेला माल जागेवर कापला किंवा वेल्ड केला की तो थर तिथं जळतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. कापायचं, भोकं पाडायचं काम थर चढवण्याआधी उरकून घ्यावं, आणि जागेवर करावंच लागलं तर लगेच जस्ताचा रंग लावावा.

काम संपल्यावर बिघडतो तो कुंपणालगतचा पट्टा. दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवायची असं ठरलेलं असतं, मग कुणी तिथं रिकामी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, रचतं, कुणी भंगार टाकतं, झाडाची फांदी वाढत जाते, कंटेनर टेकवून उभा राहतो. चार फूट पॅलेट रचली की आठ फुटी कुंपण त्या जागी चार फुटी झालं. म्हणून हस्तांतराच्या कागदात मी एक ओळ आग्रहाने घालून घेते: दर महिन्याला कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी कोण मारणार, आणि लागून ठेवलेला माल त्याच दिवशी हलवायचा अधिकार कुणाला. त्या ओळीपुढे पदाचं नाव लिहिलं जाईपर्यंत मी सही करत नाही.