धुंदी ते सोलंग: बर्फातली उतरण

मनालीहून अटल बोगदा ओलांडून हिमाचलच्या लाहौल खोऱ्यातल्या सिस्सूला पोहोचलो आणि बर्फ भुरभुरायला लागला. गाडीत नुसता जल्लोष! लेक हात बाहेर काढून बर्फ झेलत होती, सासूबाई शालीवर पडलेले कण निरखत होत्या. बघता बघता समोरची चंद्रा नदी दिसेनाशी झाली. पोलिसांनी शिट्ट्या फुंकत सगळ्या पर्यटकांना परत फिरायला सांगितलं. केलाँगचा बेत तिथेच बारगळला.

अटल बोगद्याने हा प्रवास फार सोपा केला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू होण्याआधी लाहौलला जायचं तर ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड चढावी लागे, आणि हिवाळ्यात ते खोरं महिनोन्‌महिने तुटलेलं असे. आता ९.०२ किलोमीटर दिव्यांच्या उजेडात, कोरड्या रस्त्यावरून जायचं की झालं. पण बोगद्याची दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर आहेत. दक्षिणेकडून बाहेर पडलो तेव्हा मनालीच्या बाजूलाही तेवढाच बर्फ पडत होता, आणि आता पुढे होती धुंदीपासून सोलंगपर्यंतची उतरण.

ताजा, भुसभुशीत बर्फ फारसा त्रास देत नाही. त्यावर टायरची थोडीफार पकड बसते. भीती असते ती शेकडो चाकांनी दाबून गुळगुळीत केलेल्या बर्फाची. अशाच एका वळणावर गाडी पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने जात असताना मागची बाजू सावकाश दरीकडे वळायला लागली. ब्रेकचं पेडल नवऱ्याच्या पायाखाली थरथरत होतं, पण गाडी काही थांबेना. गाडीत कोणी श्वासही घेत नव्हतं. शेवटी डोंगराकडच्या ढिगात पुढचा कोपरा रुतला आणि आम्ही थांबलो.

मागच्या टॅक्सीचा लाहौली चालक उतरून आला. आधी त्याने आमच्या सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ हातानेच उकरून काढला. ते तोंड बुजलं तर धूर गाडीत शिरतो, विषारी वायूला वास नसतो आणि हीटर लावून बसलेल्या माणसांना काही कळतच नाही, हे त्याने सासऱ्यांना नीट समजावलं. मग बर्फात टायरवर चढवायच्या डिकीतल्या चेन मागितल्या. आमच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, म्हणून चेनही पुढेच. त्याने त्या बर्फावर सरळ पसरल्या, गाडी अर्धा हात त्यांच्यावर घ्यायला लावली, आणि पाठीवर झोपून चाकाच्या आतल्या बाजूचा हूक चाचपडत अडकवला. हातमोजे काढल्याशिवाय तो हूक बसतच नाही. त्याची बोटं लालभडक झाली होती. उठताना नवऱ्याला म्हणाला, "साब, ब्रेक भूल जाओ. पहले गिअर में अपने आप उतरेगी."

तशी ती उतरलीही. फोर बाय फोर असली की झालं असं समजणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते: त्या उतरणीवर फोर बाय फोर गाड्याही घसरताना पाहिल्या. चार चाकांची ताकद गाडी पुढे न्यायला उपयोगी पडते, थांबवायला नाही.

पण खरा खोळंबा बर्फाने केलाच नाही. गाड्या एका रांगेत असत्या तर सगळे अंधाराआधी खाली पोहोचलो असतो. घाईवाल्यांनी बाजूने दुसरी रांग काढली, समोरून चढणाऱ्या गाड्या अडल्या आणि बर्फ हटवणारं यंत्र त्यांच्या मागे अडकलं. जे यंत्र रस्ता मोकळा करायला निघालं होतं, त्यालाच रस्ता नव्हता! त्या कोंडीत तान्ही बाळं होती, दम लागलेले म्हातारे होते. मला आजही त्या दुसऱ्या रांगेचा संताप येतो. शेवटी स्थानिक पोरांनी एकेक गाडी ढकलून कडेला लावली, तेव्हा यंत्र वर गेलं.

सोलंगला पोहोचेपर्यंत रात्र झाली. सकाळी तिथून पुढे फक्त चेन लावलेल्या फोर बाय फोर गाड्या सोडत होते. आम्ही नग्गरचा रस्ता धरला. रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचं तिथलं घर आणि त्यांची हिमालयाची चित्रं बघायची सासऱ्यांची जुनी इच्छा होती. ती त्या दिवशी निवांत पुरी झाली.