पसंतीक्रम भरण्याआधीचा फेरा: कोल्हापूर, मिरज, सोलापूर, लातूर, आंबाजोगाई

‘वसतिगृह: उपलब्ध’ ही ओळ वाचून एमबीबीएसच्या कॉलेजांचा पसंतीक्रम ठरवू नका. ओळ खोटी नसते, पण तिच्यात सगळं आलेलं नसतं. इमारत असते, पण ती मुलींची असते. मुलांचीही असली तर तीत वरच्या वर्षांची मुलं असतात आणि पहिल्या वर्षाला ‘दिवाळीनंतर बघू’ असं उत्तर मिळतं. एका नव्या शासकीय महाविद्यालयात तर वसतिगृह म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने घेतलेली इमारत निघाली. खाली दुकानं, वर खोल्या, पाणी एक दिवसाआड. यातलं काहीही संकेतस्थळावर दिसत नाही. म्हणून कॉलेजं प्रत्यक्ष बघायचा हा फेरा, तोही भर पावसात.

नीटचा स्कोअर हातात आहे आणि डोमिसाइल, जात वैधता, ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन-क्रिमिलेयर (लागू असेल त्यांना) फायलीत आहे, असं गृहीत धरतो. नसेल तर फेरा राहू द्या, आधी ते कागद मिळवा. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच घ्या. डॉक्टरच्या लेटरहेडवरचा मजकूर खिडकीवरून परत येतो.

कोल्हापूरला उतरलात की पहिली गोष्ट लक्षात ठेवा: सीट एक असली तरी पत्ते दोन. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर, गावाच्या मध्यात आणि राजर्षी शाहू वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर दक्षिणेला शेंडा पार्कला. पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तीन विषयांचं, त्यामुळे खोली शेंडा पार्कच्या बाजूलाच घ्या. सीपीआरजवळची खोली दाखवताना एजंट ‘हॉस्पिटल दोन मिनिटांवर’ म्हणेल. खरं आहे, पण पहिल्या वर्षी त्या दोन मिनिटांचा उपयोग शून्य. शेंडा पार्कला नव्या मोठ्या रुग्णालयाचंही काम हाती घेतलेलं आहे, म्हणून करार अकरा महिन्यांपलीकडे नेऊ नका.

मिरजेतही तीच गत, फक्त अंतर जास्त. १९६२ चं इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं एक रुग्णालय मिरजेत, दुसरं सांगलीत, साधारण दहा किलोमीटरवर. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डातल्या पोस्टिंग लागल्या की दोन्हीकडे जावं लागतं. तरी राहायचं मिरजेतच. वॉनलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, गावच दवाखान्यांचं. त्यामुळे मेस, डबा, पहाटेचा चहा यांची वाण नाही. अडचण वेगळीच आहे. रुग्णालयाजवळची घरं पेशंटच्या नातेवाइकांना रोजाने खोल्या देतात आणि मालकाला ते जास्त परवडतं. अशा घरात महिन्याने खोली मिळाली तरी सीझनला ‘पाहुणे येताहेत’ म्हणून बाहेर काढतात. रोजाने भाडं घेणारं घर असेल तर सरळ पुढे चला.

याच पट्ट्यात कोल्हापूर, सांगली आणि कराड इथे तीन अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची महाविद्यालयं आहेत. इमारती चकचकीत, वसतिगृह त्याच आवारात, पालक तिथेच विरघळतात. पण त्यांचे प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून (कॅप) होत नाहीत, दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून होतात. नोंदणीचे ५,००० परत न मिळणारे आणि २ लाखांचं डिपॉझिट. शुल्क नियामक प्राधिकरणाचा अंकुश तिथे नाही. राज्यातल्या खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचं शुल्क मात्र प्राधिकरण ठरवतं. ते संकेतस्थळावर बघा, छापून सोबत न्या आणि ‘डेव्हलपमेंट’च्या नावाने वर काही मागितलं तर पावती मागा. पावती म्हटलं की निम्म्या मागण्या तिथेच गळतात. १९८७ पासून राज्यात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्कावर वरून पैसे घेणं, गुन्हा आहे.

रुग्णालय बघायचं कसं? ऑडिटोरियम आणि डिजिटल लायब्ररी बघण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांना ४२० खाटा लागतात, १५० जागांना ६०५. ओपीडीत जागेमागे रोज ८ रुग्ण, म्हणजे १०० जागांना ८००. सोमवारी बाराच्या सुमारास केसपेपरच्या खिडकीजवळ उभे राहा आणि लोकांच्या हातातल्या चिठ्ठ्यांवर कितवा नंबर चाललाय ते बघा. मग मेडिसिनच्या वॉर्डातून एक चक्कर. गाद्या गुंडाळून ठेवलेल्या खाटा दिसल्या तर ते कॉलेज यादीत खाली. जमिनीवर पेशंट दिसले तर नाक मुरडू नका, शिकायला तिथेच मिळतं.

सोलापूरबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कॉलेज आणि रुग्णालय शेजारी शेजारी, रेल्वे स्टेशन जवळ. चांगलं आहे, भरून टाका. ऊन सोसवत नसेल तरच विचार करा.

लातूरला मात्र थांबून लिहावं लागतं. हे शिकवण्यांचं गाव. नीटची तयारी करणाऱ्या मुलांनी खोल्या मे-जूनमध्येच भरतात आणि एमबीबीएसच्या प्रवेशफेऱ्या ऑगस्ट ते ऑक्टोबर चालतात. तुम्ही पोचता तेव्हा उरलेल्या असतात त्या कोणी न घेतलेल्या: गच्चीवरचा पत्रा, खिडकी जिन्यात उघडणारी, नाहीतर तीन जणांच्या खोलीत चौथी कॉट. शिवाय शिकवणीच्या मुलांसाठी चालवलेल्या घरांत दार रात्री लवकर बंद होतं. डिसेक्शन हॉल, लायब्ररी, पुढे रात्रीच्या पोस्टिंग, यांत ते बसत नाही. कॉट बेसिसवर वर्षाचे पैसे आगाऊ मागतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त देऊ नका, कारण वसतिगृहाचा नंबर मध्येच लागू शकतो.

खरी लूट कराराची. ‘अ‍ॅग्रीमेंटचे साडेचार हजार, सरकारी फी आहे’ असं सांगतात. नाही. समजा भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांचं भाडं ९९,०००. डिपॉझिटवर सालीना १० टक्के धरून अकरा महिन्यांचे २,७५०. बेरीज १,०१,७५०. त्यावर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे २५४, वर राउंड करून ३००. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. वर थोडं हाताळणी शुल्क. एजंट अंगठे घ्यायला घरी येतो त्याचे ५००-७०० खुशाल द्या, पण सरकारी चलनाची प्रत वेगळी मागा. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवायची असते. त्यासाठी ‘व्हेरिफिकेशनचे हजार’ मागणाऱ्याला हात जोडा.

मालक म्हणेल, नोंदणी कशाला, नोटरी करू. ऐकू नका. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. हे शांतपणे सांगितलं की मालकच तयार होतो. स्वाधारसारख्या विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या सरकारी योजनांत बाहेर भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागतात, तेव्हा हाच कागद कामी येतो.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंनी, रंगकामाची कपात किती, आणि विजेचा दर. सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नुसता काढून ठेवू नका. नळ सकाळी साडेसहाला उघडून बघा. संध्याकाळी खोली दाखवणाऱ्याची टाकी त्या वेळी भरलेली असते. आणि पहिल्या वर्षी हाडांचा संच खोलीत येणार हे आधीच सांगून ठेवा. टेबलावर कवटी बघून घरमालकीणबाईंनी आठ दिवसांत खोली रिकामी करायला लावल्याची उदाहरणं आहेत. संच, एप्रन, डिसेक्शनची हत्यारं वरच्या वर्षाकडून जुनी घ्या. गेटवर पॅकेज विकणारा दुपटीने लावतो.

आंबाजोगाईला रेल्वे नाही. परळी साधारण २५ किलोमीटर, नाहीतर लातूरहून रेणापूरमार्गे एसटी. स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय ग्रामीण भागासाठी म्हणून काढलेलं, पेशंट भरपूर, गाव स्वस्त. करमत नाही अशी तक्रार असते, पण पहिल्या वर्षी करमायला वेळ कुणाला असतो! लातूरच्या जिन्यांतून वर-खाली केल्यावर हे गाव जरा जास्तच आवडतं, तेवढी सूट धरून वाचा.

कुठेही गेलात तरी वसतिगृहाची चौकशी कार्यालयात करू नका. मेसमध्ये जेवायच्या वेळी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा: गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना खोली मिळाली का, कोणत्या महिन्यात, एका खोलीत किती, मेस सक्तीची का, आगाऊ घेतलेले पैसे परत मिळाले का. रॅगिंगचंही तिथेच कळतं. उत्तर देताना मुलं आजूबाजूला बघू लागली तर समजून घ्या. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, फोनमध्ये ठेवा.

सीट लागल्यावर हजर व्हायला मोजके दिवस मिळतात, त्यात रविवार येतोच. डीडी कोणाच्या नावे काढायचा ते कॉलेजच्या सूचनेतून अक्षर न अक्षर उतरवून घ्या. ‘अधिष्ठाता’ की ‘डीन’ एवढ्यावरून डीडी परत येतो. मूळ कागद जमा होण्याआधी सगळे स्कॅन करा, नंतर शिष्यवृत्तीला लागतात. शासकीय आणि महापालिकेच्या सीटवर एमबीबीएसनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, त्यावर सही करण्याआधी पालकांनी तरी वाचावं. आणि स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली सीट कायम ठेवण्याचा, फॉर्म भरलात की पुढच्या प्रवेशफेऱ्या बंद. खिडकीवरचा माणूस ‘सगळेच भरतात’ म्हणून तो पुढे सरकवतो. वसतिगृहाचं उत्तर मिळेपर्यंत त्यावर सही करू नका.