ताबोची माती

आषाढ, सोमवार, रात्री

दिवसभर रोवणी झाली. पाय चिखलानं भरून आलेत, मन मात्र अजून हिमाचलातल्या स्पितीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत अडकलंय.

हे वेड गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी कॅम्पानं लावलं. धान पिकवणारी, हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेर पडणारी ती माणसं लहानपणापासून पाहत आले. त्यांचे आईबाप कोणत्या पहाडातून आले असतील, तिथली गावं, गोंपा म्हणजे बौद्ध मठ कसे असतील, हे मनात घोळत राहायचं. तिबेटात जाणं आपल्या हाती नाही, निदान त्याच्या उंबऱ्यापर्यंत तरी जावं म्हणून यंदा रोवणीआधी निघाले.

सिमल्याहून किन्नौरमार्गे वर चढलो. काझा, किब्बर, ४,१६६ मीटरवरची की गोंपा, सगळं पाहिलं. किब्बरला धाप लागत होती, तरी मटारीच्या शेतात कूल, म्हणजे पाण्याचा पाट, फोडून पाणी वळवणारी बाई पाहत तासभर बसले. वरच्या बर्फाचं पाणी पाळीपाळीनं वाटून घेतात. आमच्या मालगुजारी तलावाखाली पाण्याच्या पाळीवरून होणारी बोलाचाली आठवली.

पण जीव जडला तो ताबोवर. ९९६ साली उभारलेली ही गोंपा मातीची. बाहेरून पाहिली तर कोणी वळून पाहणार नाही, इतकी साधी. आत मिट्ट काळोख. फोटो काढू देत नाहीत, हे फार बरं आहे. डोळे सरावले तशा भिंतीवर मातीच्या मूर्ती एकेक करून दिसू लागल्या, जमिनीपासून वर, भिंतीलाच धरून बसलेल्या. त्यांच्याखाली चित्रं. एका भिंतीवर बुद्धाचं चरित्र, दुसरीवर सुधन नावाच्या मुलाची यात्रा. ज्ञानासाठी तो एका गुरूकडून दुसऱ्याकडे जात राहतो. मी तिथून हललेच नाही.

१९७५च्या भूकंपात या वास्तूला इजा झाली, तरी ती उभी आहे. तिकडं पाऊस नावालाच, म्हणून माती टिकली. आता मात्र पाऊस वाढलाय, छताची काळजी वाटते, असं तिथले एक लामा सांगत होते.

हे लिहिताना बाहेर झड लागलीय. आमच्या मागच्या भिंतीचा पोपडा परवाच पडला. घरकुल मंजूर झालंय. दादा म्हणतो, उन्हाळ्यात हे पाडू. त्याचंही चूक नाही, दरवर्षी छपराचे कवेलू फेरायला आता माणूस मिळत नाही. पण आजीनं छुईनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं, पोतारलेल्या या भिंतींकडे मी पूर्वी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी मायला ताबोचं सांगितलं. हजार वर्षं म्हटल्यावर हातातलं काम ठेवून तिनं विचारलं, "मातीत काय घालतेत वो तिकडं?"

मी विचारलं नव्हतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "धान तं नाही पिकत तेथं. जवाचा भुसा घालत असतीन."