पंढरीच्या वाटेवरची भाकरी

आषाढी वारी पायी करायची, असे मी आठ-दहा वर्षे नुसतेच म्हणत होते. 2024 साली एकोणीस दिवसांची रजा मंजूर झाली आणि 29 जूनला, ज्येष्ठ वद्य अष्टमीला, माउलींच्या पालखीच्या प्रस्थानासाठी मी आळंदीत पोहोचले. नाशिकच्या माणसाने खरे तर त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालायला हवे. परंतु तिला पंढरपूर गाठायला जास्त दिवस लागतात आणि तेवढी रजा माझ्या हाताशी नव्हती. आमच्या गल्लीतल्या एका वारकरी कुटुंबाच्या ओळखीने मला परभणीकडच्या एका दिंडीत जागा मिळाली. दिंडीची भिशी, म्हणजे वारीपुरती वर्गणी, तीन हजार रुपये होती. त्यात दोन वेळचे जेवण, सकाळचा चहा, रात्री राहुटीत झोपायला जागा आणि वळकटी वाहून नेणाऱ्या ट्रकचे भाडे असे सगळे आले. एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट असल्यामुळे येण्याजाण्याचा खर्चही फारसा नव्हता. प्लॅस्टिकचा कागद, एक जोड चपला, औषधे आणि वाटेतला किरकोळ खर्च धरून घरी परतेपर्यंत माझे पाच हजारही पुरते संपले नाहीत.

एवढ्या कमी पैशांत इतके दिवस प्रवास होतो, याचे निघताना मला कौतुक वाटत होते. हे पैसे वाचतात ते कोणीतरी आपल्या वाट्याचे कष्ट आधीच करून ठेवलेले असतात म्हणून, ही गोष्ट वाटेवर हळूहळू उमगत गेली.

दिंडीत पाहुणा म्हणून कोणी राहू शकत नाही. पहाटे तीनला टँकरच्या नळाखाली थंड पाण्याने अंघोळ करायची, वळकटी बांधून, तिच्यावरचा आपला आकडा दिसेल अशी ट्रकमध्ये द्यायची आणि काकड्याला उभे राहायचे. चालताना पुढे पताकावाले, त्यांच्यामागे टाळकरी, मध्ये पखवाज आणि वीणा, मग तुळस व हंडा डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, हा क्रम कोणी मोडत नाही. भजनाचाही क्रम ठरलेला असतो. सकाळी रूपाचे अभंग, मग काकड्याचे, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, दुपारनंतर हरिपाठ, अशी ती मालिका उन्हापावसात तशीच चालू राहते. आजच्या सोहळ्याला हे रूप दिले ते आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंद्यांच्या पदरी लष्करात होते, आणि लाखोंचा समुदाय रोज नव्या गावी मुक्काम करून पहाटे शिस्तीने उठतो ते पाहताना त्या लष्करी तालमीची आठवण होतेच. माउलींचे अश्व आजही अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात.

माझ्या शेजारी डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मावशी पासष्टीच्या पुढच्या होत्या. त्यांची ही विसावी की बाविसावी वारी; त्यांनीच नक्की मोजलेले नव्हते. दोन जुलैला पुण्याहून सासवडला निघालो तो दिवस एकादशीचा. तीस किलोमीटरच्या वरचा हा टप्पा वारीत सगळ्यात लांबचा, मध्ये दिवे घाटाची चढण आणि पोटात उपवास. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या लावतात. वळणावर थांबून खाली पाहिले तेव्हा मस्तानी तलावाच्या बाजूने वर येणारी पताकांची रांग संपतच नव्हती आणि टाळांचा आवाज सगळ्या डोंगरातून एकदम येत होता. लोक वाटेच्या कडेला केळी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी घेऊन उभे होते. सासवडला पोहोचले तेव्हा माझ्या दोन्ही टाचांना मोठे फोड आले होते. मावशींनी कंदिलाजवळ माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी संकोचाने पाय ओढून घेऊ लागले, तर म्हणाल्या, "राहू दे माय, माउलीचाच पाय हाय." त्यांनी सुईत पांढरा दोरा ओवला, तो हळदीच्या तेलात भिजवला, फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने अलगद बाहेर काढली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोके कापली. "असं केलं की पाणी झिरपून जातं. कातडं सोलू नको, त्याच्यावानी दुसरी पट्टी न्हाई." तेवढ्याने रात्रभरात फोड बसला. सासवडला दोन मुक्काम असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लंगडत का होईना, सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन घेता आले.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला आणि पुढे दोन दिवस माझ्या पांढऱ्या ओढणीचा पिवळा रंग गेला नाही. जेजुरीहून वाल्ह्याला जाताना एका विसाव्याच्या ठिकाणी माझी पिशवी राहिली. तिच्यात चष्मा आणि सातशे रुपये होते. रोजच्या मुक्कामी पालखी तळावर समाज आरती होते, ती मी तोवर लांबूनच पाहिली होती. वाल्ह्याला मावशींनी मला ओढतच पुढे नेले. शेकडो दिंड्यांचे टाळ एकाच वेळी वाजत होते. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावला आणि क्षणात सगळे शांत झाले. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याजवळ जातात, म्हणणे ऐकतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या गेल्या. कोणाची किल्ली, कोणाचे डोरले, आणि त्यांत माझी पिशवीसुद्धा होती. ती एका वेगळ्याच दिंडीतल्या टाळकऱ्याने आणून दिली होती. त्याचे नाव विचारले, तर कोणालाच ठाऊक नव्हते.

नीरेत पादुकांना स्नान झाले आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरली. लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्वांची दौड, झाले. रिंगणाविषयी सर्वांनी इतके लिहिले आहे की मी त्यात भर घालत नाही. अश्व समोरून गेले आणि त्यांच्या टापांखालची माती आम्ही कपाळाला लावली, एवढेच सांगते.

त्याच पट्ट्यात, रस्त्यालगतच्या एका शेतात, माझ्याच वयाची एक बाई चुलीसमोर बसून भाकरी थापत होती. तिचा नवरा आणि दोन मुले येणाऱ्याच्या हातावर भाकरी, पिठले आणि ठेचा ठेवत होती. पावसाची सर आली म्हणून मी त्यांच्या छपराखाली थांबले आणि हात रिकामे होते म्हणून जाळ सारायला बसले. ज्वारीचे पीठ भरलेला पिंप अर्धा संपला होता. हे सगळे विकत आणता का, असे मी अजाणतेपणी विचारले. ती म्हणाली, "इकत कशाला? खळ्यावर रास झाली की पहिल्या पायल्या माउलीच्या काढून ठेवतो. सासूच्या आधीपासनं चालत आलंय." मे महिन्यात ती ज्वारी निवडायची, पालखीच्या आदल्या आठवड्यात दळून आणायची, आदल्या रात्रीपासून चूल पेटवायची. ती स्वतः आषाढीला पंढरपूरला कधीच गेली नव्हती. पेरणीचे दिवस असतात, जनावरे असतात आणि आता सासू अंथरुणाला खिळलेली. निघताना तिने चार भाकरी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून दिल्या. पैसे काढायला माझा हात पिशवीकडे गेला, तो तिने धरला. "पैशाचं काय करू ताई? येताना बुक्का आणा."

फलटण, बरड, नातेपुते, सदाशिवनगरचे गोल रिंगण, वेळापूरला सगळ्यांनी मिळून पळत जायचा धावा, भंडीशेगाव हे सारे पुढच्या आठवड्यात झपाट्याने मागे पडले. रोज पंगत बसली आणि पुंडलिकाचा जयघोष झाला, की समोरच्या भाकरीमागे कोणाची तरी रास, कोणाची तरी रात्र आहे, हे मला दिसू लागले. तेव्हापासून मी ताटात काही टाकले नाही आणि संध्याकाळी न सांगता दिंडीच्या स्वयंपाकात कणीक मळायला बसू लागले. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र आल्या. दशमीला पंढरपुरात शिरलो. दर्शनाची रांग पार गावाबाहेर गेली होती, म्हणून आम्ही चंद्रभागेत स्नान केले, नामदेव पायरीपाशी डोके टेकवले आणि कळसाचे दर्शन घेतले. मावशी म्हणाल्या, "झाली वारी." त्या पौर्णिमेच्या गोपाळपूरच्या काल्यापर्यंत थांबणार होत्या. मी द्वादशीला पारणे सोडून निघाले.

फलटणमार्गे जाणारी एसटी मुद्दाम धरली आणि कंडक्टरना विनंती करून त्या शेतापाशी उतरले. चूल मोडलेली होती, छपराखाली बैल बांधले होते. धुतलेले फडके, चुरमुऱ्यांचा प्रसाद आणि बुक्क्याची पुडी मी तिच्या हाती दिली. ती काही बोलली नाही. पदराला हात पुसून तिने आधी आत जाऊन सासूच्या कपाळाला बुक्का लावला, मग मुलांच्या, मग स्वतःच्या, आणि उरलेली चिमूट दाराशी ठेवलेल्या रिकाम्या पिठाच्या पिंपाला लावली. नवऱ्याच्या वाट्याचा बुक्का घेऊन ती बांधाकडे निघाली, तशी मीही तिच्यामागून गेले. पालखीनंतर पेरलेली बाजरी बोटभर वर आली होती.